पाय ऐकत नाही

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. पोंभुर्ण्यात त्या दिवसांत रात्रीला एक निराळीच शांतता असते. धानाची कापणी तोंडावर आलेली असते, दिवसभर शेतात राबलेली माणसे लवकर आडवी होतात, आणि घराघरांतले टीव्ही मिटले की वैनगंगेकडून येणारा गार वारा तेवढा जागा राहतो. अशा वेळी शेजारच्या पडवीतून आवाज येऊ लागला : धप्... धप्... धपधप्... आणि मध्येच अडखळून पुन्हा धप्! कोणी कांडते आहे म्हणावे, तर ही कांडायची वेळ नव्हती. ठेका म्हणावा, तर तो दर चौथ्या पावलाला लंगडत होता.

तिसऱ्या रात्री मी तक्रार करायला गेलो. पडवीत सतरा-अठरा वर्षांचा शेजारचा मुलगा जुन्या बाजारातून आणलेल्या ड्रमसेटसमोर घामाघूम होऊन बसला होता. मला पाहताच तो उठला आणि ओशाळून म्हणाला, "तरास झाला का जी, सर? हात बराबर चालते, पण पाय काही माझा आयकत नाही."

माझा राग तिथेच विरघळला. मन ऐकत नाही, ही तक्रार माणूस हजारो वर्षे करीत आला आहे. गीतेतल्या अर्जुनाने ती केली, तेव्हा त्याला अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगण्यात आले. या पोराची तक्रार तीच होती. फक्त ती मनावरून पायावर उतरली होती.

ड्रमसेटमधला सर्वांत मोठा ढोल, ज्याला बास ड्रम म्हणतात, तो पायाने वाजवायचा असतो. पूर्वी हे कामही हातातल्या काठीलाच करावे लागे. 1909 साली शिकागोच्या विल्यम लुडविगने चपळ असे पेडल बनवले आणि ते काम पायाकडे आले. पाय दाबला की स्प्रिंगला बांधलेला गोळा ढोलावर आपटतो, सोडला की मागे येतो. दिसायला शिलाईच्या मशीनइतके सोपे! पण आपल्या पायाला जन्मभर शरीराचे ओझे वाहण्याची सवय. बारीक काम त्याला कोणी शिकवलेलेच नसते. टाच टेकवून घोट्याने वाजवावे, तर नडगीचा स्नायू मिनिटभरात पेटतो. टाच उचलून सबंध पायाचे वजन टाकावे, तर आवाज मोठा निघतो, पण ताबा सुटतो.

झाडीपट्टीत भाऊबीज झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतली गावे रात्र रात्र जागवतात. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आपल्याच घरी सत्कार झाल्यासारखे वाटले. अशा एखाद्या कंपनीत वाजवायचे, हे त्या मुलाचे स्वप्न होते, आणि त्यासाठी त्याला वेग हवा होता. तोही महिनाभरात!

मी त्याला विचारले, "अरे, ऑक्टोपॅडवर तर हाच आवाज काठीने निघतो. मग पायाचे हाल कशाला?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "निघते जी. पण त्यानं पाय नाही शिकत."

घरी आल्यावर ते वाक्य मला झोपू देईना. जे फळ कष्टांशिवाय मिळते, त्यासाठी कष्ट करणे हा शहाणपणा की हट्ट? यंत्र वापरण्यात पाप नाही. आमच्या घरी पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, तेव्हा मीच पेढे वाटले होते. पण चटणी आपल्याला फक्त खायची असते. ज्या कामातून आपल्याला स्वतःला काही व्हायचे असते, ते काम दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. कोणी माझ्या वतीने व्यायाम करील, तर बळ त्याच्याच अंगात येणार!

मात्र नुसत्या कष्टांनीही भागत नाही. ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे, की तंतुवाद्य वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागूनच न्यायी होतो. पण वाजवूनच काही जण वाईट वादकही होतात! सवय आंधळी असते. चुकलेला ठोका शंभरदा मारला, तर पाय तेवढी चूक पक्की करतो. म्हणून जाणते वादक सांगतात, मेट्रोनोम साठावर लाव, बैठक अशी ठेव की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील, प्रत्येक ठोका सारखा पडू दे, आणि मगच दोन-चार अंकांनी पुढे सरक. पाय दुखला की थांब. वेगाच्या मागे लागू नकोस. चुका गेल्या की तो आपण होऊन येतो.

हे त्याला सांगताना माझी जीभ अडखळली. तीस वर्षे मी गणित शिकवले. फळ्यावर उदाहरण लिहून मी विचारीत असे, "आधी कोण सांगतो?" पहिला हात वर झाला, की मी पुढच्या उदाहरणाकडे वळे. मागच्या बाकावरचा एक मुलगा नेहमी उशिरा हात वर करी. त्याचे उत्तर बहुधा बरोबर असे. ते ऐकायला मी थांबत नसे. तो कधी नापास झाला नाही, पण पुढे त्याने हात वर करणेच सोडले. सवय मीही लावली होती. इतरांना घाईची, आणि त्याला गप्प बसण्याची.

तर मग संथपणा हाच सद्गुण का? मुळीच नाही. संथ तर आळशीही असतो. नाटकात खलनायक पाऊल टाकतो, त्या क्षणी ढोल वाजला नाही, तर मागाहून वाजवून काय उपयोग? वेग हवाच, पण हवे तिथे थांबता येईल, एवढाच वेग आपला. बाकीचा आपल्याला ओढून नेणाऱ्याचा.

त्या हंगामात मुलाला कंपनीत जागा मिळाली नाही. तो अजून वाजवतो. पेडलखाली आता जुने पोते असते आणि ढोलात उशी, माझ्या झोपेसाठी. ठोके संथ असतात, पण लंगडत नाहीत. परवा तर त्याने चालू ठेक्यात एक जागा मोकळी सोडली आणि नेमक्या वेळी परत आला. मी अंथरुणात उठून बसलो.

हल्ली संध्याकाळी नातू पाढे म्हणायला माझ्याजवळ बसतो. सतराच्या पाढ्यात तो अडला, की उत्तर माझ्या ओठांवर येते. मी ते गिळतो आणि थांबतो. शिकायला मीही उशिराच बसलो आहे.