शिडाच्या नावेवरचा अपरिग्रह

फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसस, तुआमोतु आणि सोसायटी या द्वीपसमूहांमधून दरवर्षी शेकडो छोट्या शिडाच्या नावा फिरतात. बऱ्याचशा पनामा कालवा ओलांडून येतात आणि गॅलापागोस ते मार्केसस हा सुमारे तीन हजार सागरी मैलांचा टप्पा तीन-चार आठवड्यांत कापतात. नाव दहा ते चौदा मीटर लांबीची, तिच्यावर बहुधा एक जोडपे, क्वचित मुलेही. मागचे घर विकलेले किंवा भाड्याने दिलेले, नोकरी सोडलेली, कपडे एका खणात मावतील एवढेच. अशा जगण्याची वर्णने वाचणारा त्याला सहज वैराग्याच्या पंक्तीला बसवतो, आणि ते जगणारेही पुष्कळदा तशीच भाषा बोलतात. पण थोडक्या सामानात राहणे म्हणजे अपरिग्रह का, हा प्रश्न भारतीय परंपरेने फार बारकाईने तपासलेला आहे. नावेवर पाण्याच्या थेंबापासून विजेपर्यंत सगळे मोजून वापरले जाते, त्यामुळे ती तपासणी इथे ताडून पाहता येते.

आधी पाणी. मध्यम आकाराच्या नावेच्या टाक्यांत तीन-चारशे लिटर गोडे पाणी मावते. लांबच्या टप्प्यावर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र नसेल, किंवा असून बिघडले, तर माणशी रोजचे पाच-सात लिटर धरून चालावे लागते. भारतात शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी रोज १३५ लिटर धरतात, हे लक्षात घेतले की अंतर कळते. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक हात फिरवायचा. बटाटे उकडायलाही थोडे खारे पाणी मिसळायचे, म्हणजे मीठही वाचते. आंघोळ खाऱ्या पाण्याने, वर तांब्याभर गोडे. पावसाची सर दिसली की डोलकाठीखालच्या ताडपत्रीला मध्ये झोळ देऊन तिची नळी टाकीच्या तोंडाशी नेतात, पण पहिली पाच मिनिटे पाणी वाहून जाऊ देतात, कारण त्यात ताडपत्रीवरचे मीठ असते. तुआमोतुच्या कंकणाकृती प्रवाळबेटांवर नदी-ओढा नाही, तिथले गावकरीही छपरावरचे पावसाचे पाणी साठवूनच राहतात.

विजेचेही असेच. जुन्या धाटणीच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणून ढगाळ दिवसांत फ्रिज बंद ठेवायचा की रात्रीचे दिवे, हे ठरवावे लागते. खाण्यात कोबी, कांदे, भोपळा असे टिकाऊ जिन्नस. अंडी न धुतलेलीच घ्यायची आणि दोन-चार दिवसांनी उलटी करून ठेवायची, म्हणजे फ्रिजविना आठवडे टिकतात. पुठ्ठ्याचे खोके नावेत आणायचेच नाहीत, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. मासा मुबलक, पण प्रवाळातला मासा गावकऱ्यांना विचारल्यावाचून खात नाहीत. सिग्वाटेरा नावाची विषबाधा त्यातून होते आणि ते विष शिजवून जात नाही. एकाच खाडीतला एक मासा चालतो आणि दुसरा चालत नाही, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

एवढे पाहून नावेवरच्या माणसाला अपरिग्रही म्हणावे असा मोह होतो. पतंजलीच्या योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी शेवटचा. त्यावरच्या व्यासभाष्यात वस्तू न स्वीकारण्याची कारणे दिली आहेत: ती मिळवण्यात, राखण्यात आणि तिच्या नाशात दोष आहे, तिच्याशी जडणाऱ्या आसक्तीत आहे आणि तिच्यापायी होणाऱ्या हिंसेतही आहे. ही पाच कारणे नावेला लावली की चित्र पालटते. कपडे, भांडी, पुस्तके कमी झाली हे खरे, पण ती ज्या एका वस्तूपायी कमी झाली ती वस्तू, म्हणजे नाव, पाचही बाबतींत घराहून भारी पडते. राखण्याचेच पाहावे. खारी हवा दोऱ्या, कप्प्या, तारा, पंपाचे गास्केट सगळे खात असते. उन्हाने शिडाची शिवण कुजते. तळाला शेवाळ आणि कालवे धरतात, ती पाण्यात बुडी मारून खरवडावी लागतात, नाहीतर नावेचा वेग घटतो. निवांत बेटावरच्या दिवसाचा मोठा भाग इंजिनाच्या कोंदट खणात डोके खुपसून जातो, आणि हवा असलेला सुटा भाग ताहितीच्या पापेएते बंदरातून मालवाहू जहाजाने येईपर्यंत आठवडे वाट पाहावी लागते. नाशाची भीती तर रोज रात्री उशाशी असते. वारा फिरला आणि नांगर घसरला तर किनाऱ्याचे प्रवाळ शंभर हातांवर. ज्याच्याजवळ एकच वस्तू आहे आणि तीच घर, वाहन व ठेव आहे, त्याची आसक्ती पातळ झाली असे कसे म्हणावे? ती एका जागी गोळा झाली आहे.

दुसरी अडचण याहून मूलगामी आहे. यमांची यादी सांगून झाल्यावर पतंजली लगेच म्हणतो की जाती, देश, काळ आणि प्रसंग यांनी मर्यादित न होणारे यम हेच महाव्रत. भाष्यकार उदाहरण देतो कोळ्याचे: तो फक्त माशांचीच हिंसा करतो, इतर कुणाची नाही, म्हणून त्याची अहिंसा जातीने मर्यादित झालेली. उदाहरण जरा कठोर आहे, पण मुद्दा पक्का आहे. नावेवरची काटकसर देशाने आणि काळाने मर्यादित आहे. ती टाकीच्या मापाने लादलेली आहे. तुआमोतुत दोन महिने काढून पापेएतेत शिरलेल्या नावेवरचे लोक पहिल्या दिवशी काय करतात, हे सर्वांना ठाऊक असते: धक्क्यावर मनसोक्त आंघोळ, आणि मोठ्या दुकानातून काठोकाठ भरलेली ढकलगाडी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचेच चिंतन करणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. नावेवरच्या माणसाला तो शब्द लावणे अन्यायाचे होईल, कारण तो ढोंग करत नसतो. पण भर समुद्रात विसाव्या दिवशी तो थंड पेय आणि ताजी कोशिंबीर यांच्याविषयी किती बोलतो, यावरून इंद्रियनिग्रह कुठवर पोचला आहे ते समजते.

मग या जगण्यात साधनेचा काहीच अंश नाही का? आहे, पण तो सामानाच्या कमीपणात शोधू नये. तो नित्यकर्मात आहे. रात्रीच्या पहाऱ्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून क्षितिजाभोवती नजर फिरवावी लागते. बहुधा काहीच दिसत नाही, तरी उठावे लागते. प्रवाळबेटाच्या खिंडीतून आत शिरायचे तर भरती-ओहोटीमधला प्रवाह मंदावण्याची वेळ साधायची, ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असताना निघायचे, आणि एकाने पुढच्या टोकाशी उभे राहून पाण्याच्या रंगावरून खडक ओळखायचे. निळा रंग खोल, हिरवा उथळ, तपकिरी म्हणजे प्रवाळ. ढग सूर्याआड आला तर थांबायचे. या कामांचे फळ एवढेच, की काही वाईट घडत नाही. फळावर नजर न ठेवता कर्म करणे म्हणजे काय, याचा इतका रोकडा धडा जमिनीवर क्वचित मिळतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये असा पक्ष मांडला. नावेवरच्या दिवसाचे समर्थन करायचेच तर ते संन्यासाच्या बाजूने न करता या बाजूने करणे जास्त टिकाऊ ठरते.

त्याग की कर्म या प्रश्नावर पुष्कळ चर्चिले गेलेले उदाहरण बर्नार मोआतेसिए या फ्रेंच दर्यावर्दीचे. हानोईत जन्मलेला हा माणूस १९६८ मध्ये ‘जोशुआ’ नावाची पोलादी नाव घेऊन ‘संडे टाइम्स’ने जाहीर केलेल्या, एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरला. नऊ जण निघाले. १९६९ च्या आरंभी केप हॉर्न ओलांडून तो अटलांटिकमध्ये आला, तेव्हा सर्वांत वेगवान फेरीचे ५,००० पौंडांचे बक्षीस त्याच्या आवाक्यात होते. त्याने युरोपकडे वळण्याऐवजी पूर्वेचाच रस्ता धरला, केपटाऊनजवळ एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकून शर्यत सोडत असल्याचे कळवले आणि जूनमध्ये ताहिती गाठले. समुद्रात आपण सुखी आहोत, आणि कदाचित आपला आत्मा वाचवण्यासाठीही असे करत आहोत, असा त्या चिठ्ठीचा आशय होता. पुढे या प्रवासावरच्या पुस्तकाचे मानधन त्याने पोपना देऊ केले. फलत्यागाचे याहून ठळक आधुनिक उदाहरण सापडणे कठीण.

तरीही त्याच शर्यतीतला दुसरा माणूस शेजारी ठेवल्याशिवाय हे उदाहरण पुरे होत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी नौदलातला अधिकारी ‘सुहैली’ या ३२ फुटी नावेतून निघाला होता. ही नाव मुंबईत, सागवानात बांधलेली. एप्रिल १९६९ मध्ये तो इंग्लंडमधल्या फालमथला परतला, आणि शर्यत पुरी करणारा तो एकटाच ठरला. डोनाल्ड क्रोहर्स्ट या तिसऱ्या स्पर्धकाने खोट्या जागा कळवत अटलांटिकमध्येच काळ काढला होता. त्याचे मन ढळले, आणि जुलैमध्ये त्याची नाव रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपले ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. आत्म्याविषयी त्याने काही जाहीर केले नव्हते. त्याने घेतलेले काम पुरे केले आणि हाती आलेले फळ ज्यांना गरज होती त्यांना दिले. संन्यास आणि कर्मयोग यांतला भेद समजावायला ही दोन माणसे पुरेशी आहेत, आणि टिळकांचा कौल कुणाकडे गेला असता याबद्दल फारशी शंका नको.

फिरण्याच्या आचारात मात्र नावकरी आणि परिव्राजक यांच्यात एक साम्य आहे. दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. तेव्हा बहुतेक नावा न्यूझीलंडला उतरतात किंवा सुरक्षित जागी बांधून ठेवतात. काही नावा वादळांचा त्रास कमी असलेल्या मार्केससमध्ये राहतात. धर्मसूत्रांनीही भिक्षूला पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले आहे. पण कारणे पाहिली की साम्य उरत नाही. बौद्ध आणि जैन भिक्षू थांबत ते चालताना कोवळे अंकुर आणि बारीक जीव चिरडू नयेत म्हणून. नावकरी थांबतो तो स्वतःची नाव वाचवण्यासाठी, आणि विमा उतरवणाऱ्याची अट असते म्हणून. परिव्राजकाजवळ पात्र होते आणि ते भरणे गृहस्थाच्या हातात होते. नावकऱ्याजवळ बँकेतली ठेव, परदेशात बनलेले सौर पॅनल आणि मुदतीचा व्हिसा असतो. फ्रेंच पॉलिनेशियात युरोपीय संघाबाहेरच्या अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसाविना ९० दिवसच राहता येते. सोडून आलेले जग अशा कागदांतून सोबत येतच असते.

आतापर्यंतचा विचार पाहुण्याच्या बाजूने झाला. बेटावर राहणाऱ्यांच्या लेखी हा एकांतच नव्हे. टोंगन वंशाचे विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ मध्ये मांडले, की प्रशांत महासागराला दूरवरच्या चिमुकल्या बेटांचा ओसाड पसारा मानणे ही बाहेरून आलेली दृष्टी आहे; तिथल्या पूर्वजांना समुद्र हाच वावरण्याचा प्रदेश वाटे. मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माउ पियाइलुग यांनी १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडनाव उपकरणांविना हवाईहून ताहितीला नेली, तेव्हा त्या दृष्टीला प्रत्यक्ष उत्तर मिळाले. त्यांच्या परंपरेतल्या ‘एताक’ पद्धतीत नाव स्थिर धरतात. उगवत्या-मावळत्या ताऱ्यांखालून बेटे मागे सरकतात असे नावाडी मनात पाहतो, आणि त्यावरून किती अंतर कापले ते ताडतो. जिथे नावाडी जागचा हलतच नाही, तिथे ‘जग सोडून निघणे’ ही कल्पनाच बसवायला जागा नाही. आणि मोआतेसिए ज्या ताहितीला आत्म्यासाठी आला, त्याच प्रदेशातल्या मोरुरोआ आणि फांगाताउफा या प्रवाळबेटांवर १९६६ पासून फ्रान्सचे अणुस्फोट चालू होते. १९९६ पर्यंत ते १९३ झाले. यात्रेला निघालेल्याने हे ध्यानात घ्यायला हवे.

या बेटांजवळ निग्रहाची स्वतःची एक रीत आहे: राहुई. खाजणाच्या एखाद्या भागात ठरावीक काळ मासेमारी किंवा शिंपले काढणे बंद, असे गाव ठरवते. मिशनरी आणि वसाहतीच्या काळात ही रीत बरीच मागे पडली, अलीकडच्या दशकांत ती पुन्हा जोर धरू लागली आहे. नावेवरची काटकसर टाकी ठरवते, योग्याचा अपरिग्रह त्याचा संकल्प ठरवतो; राहुई या दोन्हींहून वेगळी, कारण ती सर्वांनी सर्वांवर घातलेली आणि मुदत संपली की उठणारी आहे. पतंजलीच्या कसोटीला ती उतरणार नाही. तिला देशही आहे आणि काळही. पण व्यासभाष्यातल्या पाचव्या दोषाचा, हिंसेचा, विचार ती सर्वांत थेट करते. पाहुण्यालाही तिने बांधलेले असते. आणि हिंसा मासेमारीतच नसते, नांगरातही असते: त्याची साखळी खोलीच्या चार-पाच पट सोडावी लागते, आणि वारा फिरला की ती तळावरून घासत प्रवाळाची दशकांची वाढ मोडते. म्हणून जाणते नावकरी प्रवाळ टाळून वाळूच्या तळावर नांगर टाकतात आणि साखळीला जागोजागी फ्लोट बांधून ती तळापासून उचलून धरतात. हे फ्लोट बहुधा मोत्यांच्या शेतांतून सुटून किनाऱ्याला लागलेले असतात. युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रात येणाऱ्या फाकारावासारख्या प्रवाळबेटावर तर नांगर कुठे टाकावा यावर नियमच आहेत. तिथे शिरणाऱ्याने व्रत घेतले आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.