ठरलेल्या गाण्यापलीकडचा कॅमेरा

रॉक बँडच्या चित्रफितींच्या संग्रहात सहसा दोन प्रकारचा ऐवज असतो: भरपूर खर्चून केलेले म्युझिक व्हिडिओ आणि प्रत्यक्ष सादरीकरणाचं चित्रण. यातलं दुसरं भरताड समजायची रीत आहे. मला हिशेब उलटा वाटतो. म्युझिक व्हिडिओत ध्वनी आधीच पक्का झालेला असतो, कॅमेरा त्यावर फक्त चित्रं चढवतो. रेडिओहेडने १९९८ साली आपल्या सात व्हिडिओंच्या संग्रहाचं नावच ‘सेव्हन टेलिव्हिजन कमर्शियल्स’ ठेवलं, म्हणजे या जाहिराती आहेत हे स्वतःच सांगून टाकलं. त्यातला ‘जस्ट’चा व्हिडिओ उत्तम लघुपट आहे, हे मान्य. पण त्यातलं कौतुक दिग्दर्शकाच्या कल्पनेचं. तीच कल्पना दुसऱ्या बँडच्या गाण्यावरही उभी राहिली असती. याउलट निर्वाणाच्या ‘लाइव्ह! टुनाइट! सोल्ड आउट!!’ (१९९४) या संग्रहात १९९१चा ‘टॉप ऑफ द पॉप्स’मधला प्रसंग आहे. वाद्यं ध्वनिमुद्रित, आवाज तेवढा प्रत्यक्ष, असा तिथला नियम. कर्ट कोबेन मुद्दाम खर्जात, गाण्याची चेष्टा करत गातो आणि वादक वाजवण्याचं उघड सोंग करतात. कॅमेऱ्यासमोर सगळं बनावटच असतं, असा आक्षेप घेतला जातो. इथे ती बनावटच पकडली गेली आहे, आणि तीही बँडनेच पकडून दिली आहे.

त्याच रेडिओहेडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूड २०१५ मध्ये जोधपूरच्या मेहरानगढात शाय बेन त्सूर आणि राजस्थानी कलावंतांबरोबर ध्वनिमुद्रणाला बसला. पॉल थॉमस अँडरसनने त्यावर ‘जुनून’ हा तासाभराच्या आतला चित्रपट केला. निवेदन नाही, मुलाखतींची रांग नाही. वीज जाते, कबुतर आत शिरतं, हार्मोनियम सुरात लावून घ्यायला शहरात न्यावी लागते. अल्बममध्ये यातलं काहीही येऊ शकत नाही. मग संगीताच्या चित्रपटात हे कशाला, असं विचारता येईल. राजस्थानचं नाव घेतलं की मराठी कानाला आधी जयपूर घराणं आठवतं, त्याच घराण्यात याचं उत्तर आहे. अल्लादिया खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही, चित्रीकरण तर दूरच. केसरबाईंच्या तबकड्या आहेत, पण त्या तीनेक मिनिटांत कोंबलेल्या, चिरेबंद. राग कसा रंगत गेला, कुठे थांबावं लागलं, साथीदाराकडे कसं पाहिलं, हे त्यांत मावलेलंच नाही. तालमीतल्या विलंबाचंही एक शास्त्र असतं, आणि ते गाणं संपल्यावर लिहून काढता येत नाही.

‘जुनून’वरचा गंभीर आक्षेप वेगळा आहे: परदेशी नामवंत येतात, किल्ल्याची शोभा वापरतात आणि स्थानिक कलावंत पार्श्वभूमीला जातात. अल्बमपुरता तो मला बराचसा पटतो. तिथे बेन त्सूर आणि ग्रीनवूड यांची नावं स्वतंत्र. मांगणियार, कव्वाल, बँडबाजावाले असे बाकी सगळे ‘राजस्थान एक्सप्रेस’ या एकाच नावाखाली. चित्रपटात मात्र ही उतरंड टिकत नाही. ग्रीनवूड मान खाली घालून कोपऱ्यात वाजवत राहतो, काही वेळा दिसतही नाही; आणि गोलात बसलेल्यांवरून फिरणारा कॅमेरा तुतारीवाल्याच्या फुगलेल्या गालांवर, ढोलकीच्या हातांवर आणि गाणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो.