प्रेक्षकाचे ऋण

खेळाडूने देशाला काय दिले याचा हिशेब आपण मोठ्या हौसेने मांडतो. परंतु प्रेक्षक खेळाडूचे काय देणे लागतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माझ्यापुरता तो प्रश्न चार दशकांपूर्वी आमच्या आर. के. पुरममध्येच उभा राहिला, आणि अजून तो सुटलेला नाही.

१ डिसेंबर १९८२ चा दिवस. दिल्लीत एशियाई खेळ चालू होते. नॅशनल स्टेडियमवर हॉकीचा अंतिम सामना होता आणि आमच्या सरकारी क्वार्टरांत ज्यांच्याकडे दूरदर्शन संच होता, त्यांच्या घरी सारा शेजार लोटला होता. पहिला गोल आपला झाला आणि मग पाकिस्तानने आपल्यावर सात गोल चढविले. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या देशनिष्ठेविषयी शंका घेण्यापर्यंत लोकांची मजल गेली. पुढे सातच महिन्यांत, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्सवर अवघ्या १८३ धावांच्या बळावर कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला. त्या उन्हाळ्यात आमच्या मैदानावरील हॉकीच्या काठ्या कोनाड्यांत गेल्या. माझीही गेली. मला तिचे वाईट वाटले नाही, हे आज सांगताना थोडे अवघड वाटते.

लोकप्रियतेचे वारे असेच फिरते. १९५२ साली हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. परंतु त्याच ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक आले आणि देशाचे डोळे तिकडेच लागून राहिले. कऱ्हाडकरांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. उरलेल्या देशाने मात्र दखल घेतली न घेतली. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. ज्या हॉकीच्या तेजापुढे ते झाकोळले, तीच हॉकी पुढे क्रिकेटपुढे झाकोळली. यात कोणाचा सूड नाही आणि न्यायही नाही.

येथे कोणी म्हणेल की, आवड ही काही कर्तव्य म्हणून लादता येत नाही. ज्याचे मन क्रिकेटमध्ये रमते त्याने कुस्ती का पाहावी? हा आक्षेप मला मान्य आहे. प्रेम मुक्तच असले पाहिजे. परंतु प्रेम आणि कृतज्ञता या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्याच्या श्रमातून आपण आनंद घेतला, अभिमान घेतला, ‘आपण जिंकलो’ असे म्हणून त्याच्या यशात वाटेकरी झालो, तर तो हरला त्या दिवशी ‘तो हरला’ म्हणून अंग काढून घेणे हा व्यवहार सरळ नव्हे. यशात वाटा घेणाऱ्याने अपयशाचाही वाटा उचलावा आणि निदान नाव तरी विसरू नये, एवढे मागणे अवास्तव नाही. आवड बदलली म्हणून ऋण बुडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. ज्या खेळाचे नियम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात बांधले गेले, तो खेळ दिल्लीत मॅटवर खेळला जात होता. प्रियंका इंगळे हिच्या संघाने नेपाळला ७८–४० असे हरविले, आणि प्रतीक वाईकरच्या संघाने त्याच देशाच्या पुरुषांना ५४–३६ असे. त्याच संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव आहे. त्या नावावरून किती जणांची नजर घसरून जात असेल, कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या सेक्टरच्या मैदानावर नेहमीप्रमाणे क्रिकेटच चालले होते. चालू द्यावे, मुलांच्या खेळात विघ्न आणण्याचा अधिकार मला नाही. चेंडू माझ्या पायाशी आला तेव्हा तो परत देताना मी त्यांना एवढेच विचारले, काल दिल्लीत विश्वचषक कोणी जिंकला, ठाऊक आहे का? मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग मी ती दोन नावे सांगितली, आणि एका मुलाने ती नीट उच्चारून पाहिली.