प्रसाद आणि सत्यप्रतिज्ञा

इंदुरात वकिली करताना अशिलांनी आणलेला खजराण्याच्या गणपतीचा प्रसाद आम्ही नास्तिक असूनही आदराने घेतो. त्यात स्नेह असतो, आणि स्नेहाशी वाद कसला? परंतु एकदा एका वृद्ध अशिलांनी विचारले, ‘‘वकीलसाहेब, तुम्हीही देवाला मानता ना? म्हणूनच तर तुमच्यावर विश्वास!’’ येथे हसून गप्प राहणे म्हणजे न कमावलेला विश्वास पदरात पाडून घेणे होते. ‘‘नाही, काका,’’ आम्ही म्हणालो, ‘‘पण तुमच्या कामात कसूर होणार नाही.’’ १९६९ चा शपथ अधिनियम साक्षीदाराला ईश्वराचे नाव न घेता सत्यप्रतिज्ञा करू देतो. न्यायालयाला साक्षीदाराकडून सत्य पुरते. मग अशिलापुढे आम्ही श्रद्धेचे सोंग का आणावे? काका काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी कागदपत्रांची पिशवी आमच्यापुढे सरकवली.