औषधासाठी हात पसरावा काय?



चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता छातीने साथ सोडली, म्हणून कीर्तन थांबले आहे. आज जे लिहितो आहे, ते माझ्या एका चुकीविषयी आहे. ती चूक मला बरेच दिवस सद्गुण वाटत होती, म्हणूनच ती चारचौघांत सांगणे अगत्याचे वाटते.

चार वर्षांपूर्वी माघी वारीहून परतलो आणि छातीत कळ आली. इस्पितळात नेले. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला, तेथे जाळी बसवली. तो खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि बजावले, "महाराज, जाळी नवी आहे. तिच्यात रक्ताची गाठ धरू नये म्हणून या दोन गोळ्या आहेत. आम्ही सांगेपर्यंत एक दिवसही चुकवू नका." मी मान डोलावली. या गोळ्या पुढे कोठून मिळतील, योजनेत त्यांची काही सोय आहे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

माउली, शस्त्रक्रिया एकदा होते. गोळी रोज लागते. गावच्या मेडिकलमध्ये महिन्याचा हिशेब दीड-दोन हजारांवर जाऊ लागला. घरी दोन एकर कोरडवाहू. कीर्तनाचा मोबदला ठरवून घ्यायचा नाही, ही गुरूंची शिकवण मी जन्मभर पाळली. कोणापुढे हात पसरला नाही, याचा मला मोठा अभिमान होता. तो अभिमान गाठीशी होता, पैसा नव्हता.

चौथ्या महिन्यापासून मी गोळ्या दिवसाआड घेऊ लागलो. कोणाला सांगितले नाही. एकदा घरच्यांनी विचारले, "अहो, हे पाकीट अजून संपलं कसं नाही?" मी म्हणालो, "पांडुरंग बघून घेईल." ऐकणाऱ्याला ते वाक्य भक्तीचे वाटावे. खरे पाहता मी पांडुरंगाच्या नावाआड माझी लाज लपवीत होतो.

सातव्या महिन्यात एका रात्री पुन्हा तीच कळ आली. जवळ जे खासगी इस्पितळ होते तेथे मुलाने नेले. जीव वाचला, पण मुलाच्या डोक्यावर दीड लाखाचे कर्ज झाले. तो पुण्यात गाडी चालवतो. माझ्या उशाशी बसून एवढेच म्हणाला, "अण्णा, मला एकदा सांगितलं असतं तर?"

त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. हजारो श्रोत्यांच्या शंकांचे निरसन केलेला मी, पोटच्या पोरापुढे गप्प बसलो. मग पडल्या पडल्या विचार केला. मी कोणाकडे मागितले नाही, हे खरे होते काय? महिन्याचे दीड-दोन हजार मी मागितले नाहीत, आणि दीड लाख मुलाकडून त्याला न विचारता घेतले. निःस्पृहता म्हणून जी मिरवली, तिचा भार दुसऱ्याच्याच खांद्यावर गेला होता. वैराग्यात 'मी' गळून पडतो. माझ्या न मागण्यात तर 'मी'च सर्वांपुढे होता: मी कीर्तनकार, मी कसा मागू?

आमच्या दिंडीतले एक जुने टाळकरी भेटायला आले. त्यांना सगळे सांगितले. ते शाळा फारशी शिकलेले नाहीत. म्हणाले, "महाराज, वारीत भाकरी कोणाची खाता?"

"गावोगावच्या लोकांची."

"पायाला फोड आले म्हणजे?"

"वाटेवर दवाखाना लागतो, तेथे मलम-गोळी घेतो."

"मग आळंदी ते पंढरी हात पुढे करता तो प्रसाद, आणि घरी आल्यावर त्याच हाताला भीक कशी म्हणता?"

माउली, तुम्हीही वारी केली असेल तर हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. अनोळखी माणसाच्या ओट्यावर आपण निजतो, त्याच्या घरचे पिठले खातो. देणारा आपल्याच पाया पडतो आणि आपण त्याच्या. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. वारीने आपल्याला चालणे शिकवले, तसे घेणेही शिकवले. मी चालणे शिकलो, घेणे पंढरपुरातच विसरून आलो.

येथे कोणी म्हणेल, शिवरायांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला असे आपण सांगतो, त्याचे काय? तो दाखला मीही कितीदा दिला. पण परत केले ते काय? मानसन्मान, वैभव. ज्याच्यावाचून श्वास चालेल ते नाकारणे हे वैराग्य. ज्याच्यावाचून श्वास थांबेल ते नाकारणे ही वेगळी गोष्ट आहे. शरीर आपण घडवले नाही, ते आपल्याकडे सोपवलेले आहे. दुसऱ्याची ठेव लाजेखातर बुडवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान मी शेकडो वेळा लावले असेल. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाचे कोठार भुकेल्यांसाठी उघडले, आणि पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम भरली व पावती घेतली. कीर्तनात आम्ही दामाजींची करुणा सांगतो, देवाची धाव सांगतो. इस्पितळातून आल्यावर प्रथमच माझे लक्ष तिसऱ्याकडे गेले. कोठारापुढे जे पदर आणि उपरणी पसरून उभे होते, त्यांच्याविषयी आम्ही काय सांगतो? तेही घरंदाज असतील. "आम्ही कसे मागावे?" म्हणून ते घरीच पडून राहिले असते, तर दामाजींचे दार वाजलेच नसते आणि विठूला यावे लागले नसते. मागणाराही त्या कथेत सेवाच करून गेला. आणखी एक पाहा: देव आला तो रोख रक्कम घेऊन आला, आणि हिशेब चोख करून गेला. भुकेल्यांना त्याने नुसते नामस्मरण करा असे सांगितले नाही.

म्हणून, ज्या घरात हृदयाचा रुग्ण आहे आणि पाकीट दिवसाआड पुरवले जात आहे, त्या घराला चार गोष्टी सांगतो. पहिली, डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "हे मला परवडत नाही." त्यांना कळले तर पुष्कळदा त्याच गुणाचे स्वस्त औषध ते लिहून देऊ शकतात. दुसरी, प्रधानमंत्री भारतीय जनौषधी केंद्रात रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची कित्येक औषधे बाजारातल्या नामांकित गोळ्यांच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. तेथे गोळीच्या कंपनीचे नाव चालत नाही, आतल्या औषधाचे नाव लागते, ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. गोळी आपल्या मनाने बदलू नये, बंद तर मुळीच करू नये. तिसरी, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात कोणती गोळी मिळते, ते आधी विचारावे. चौथी, मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. गरजू रुग्णाला मार्ग दाखवणे हेच त्यांचे काम आहे. आणि दाखल व्हायची वेळ आली तर धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखणे कायद्याने बंधनकारक आहे. हे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

माझा खर्च आता जनौषधी केंद्रामुळे पुष्कळ उतरला. उरलेल्यासाठी मी मुलाला सांगितले. सांगताना जीभ जड झाली, पण सांगितले.

घेणाऱ्यालाही धर्म आहे. उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी एकाने सुचवले, "थोडं कमी दाखवा, कोण बघतो?" मी नको म्हटले. गरज असताना न मागणे ही जशी चूक, तशी गरजेहून अधिक घेणे ही चोरी, कारण आपल्यामागे रांगेत दुसरा कोणी उभा असतो. परिस्थिती सुधारली की जागा रिकामी करावी.

आणि देणाऱ्यांनो, फळांचा पुडा देताना फोटो काढू नका, औषध देताना भाषण करू नका. आमच्या दिंडीने आता एक साधी रीत ठेवली आहे. एकादशीला जे जमते ते थेट औषधाच्या दुकानात भरले जाते. कोणासाठी भरले, ते दोघांनाच ठाऊक असते. यंदाच्या आषाढीला मी चालू शकणार नाही. दिंडी गावातून निघेल तेव्हा वेशीपर्यंत जाईन. पण रोज सकाळी तुळशीला पाणी घातले की गोळी हातावर घेतो, विठ्ठल म्हणतो आणि गिळतो. एकही दिवस चुकवत नाही.

तुमच्या घरी कोणाचे पाकीट वेळेवर संपत नसेल, तर आजच त्यांना विचारा.

रामकृष्ण हरी.