मापातले पाप

2003 सालचा रमजान नोव्हेंबरात आला होता. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. जोहरच्या वजूला तोंडात घेतलेले पाणी मी शेवटच्या थेंबापर्यंत थुंकून टाकत असे. विहिरीवर मी एकटाच. घोटभर गिळले असते तरी कोणाला कळले नसते. पण अल्लाह पाहतो, हे मनात पक्के होते.

त्याच संध्याकाळी बाभळीच्या फांदीला काटा टांगून मी वेचलेला कापूस मोजू लागलो. मजुरी किलोवर होती. काट्याने 19 दाखवले.

"किती भरला, भाऊ?"

"अठरा, मावशी."

मावशीला आकडे वाचता येत नव्हते. पैसे कनवटीला लावून ती गेली. थोड्या वेळाने अजान झाली आणि मी खजुराने रोजा सोडला.

विहिरीवर ज्याची नजर माझ्यावर होती, त्याची नजर बाभळीखाली नव्हती काय? आपण आज्ञापालनाची वाटणी करून टाकतो. नमाज-रोजा अल्लाहचा, काटा आणि वही आपली. कुरआनच्या 83 व्या सूरहचे नाव 'अल-मुतफ्फिफीन' आहे, म्हणजे मापात पाप करणारे. स्वतः घेताना पुरेपूर घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी देणाऱ्या माणसांपासून ती सुरू होते आणि चौदाव्या आयतीत काळजावर चढलेल्या गंजापाशी येते. जालना हे सळईचे गाव. पावसात पडलेली सळई आधी फक्त तांबूस होते, तेव्हा ती पुसता येते. तशीच राहिली तर तिचे पापुद्रे सुटू लागतात.

गुप्त पाप केले की काहीतरी संकट कोसळेल, असे लहानपणी वाटायचे. मला काहीच झाले नाही. त्या वर्षी पीकही बरे आले. फक्त दुसऱ्या दिवशी एक किलो कमी लिहिताना हात थरथरला नाही. शिक्षा हीच होती, हे कळायला बरीच वर्षे गेली. चारचौघांत चुकलो तर कोणीतरी टोकते. लपून चुकलो तर टोकणारे आपले काळीज एकटेच असते, आणि गंज चढतो तो त्यालाच.

अल्लाहचा हक्क बुडवला तर तौबा करता येते. बंद्याचा हक्क मात्र बंद्यालाच परत करावा लागतो. मी शोधत गेलो तेव्हा मावशीचे कुटुंब वस्ती सोडून गेले होते. हकदार सापडत नसेल तर त्याच्या वतीने ती रक्कम दान करावी, असे उलेमा सांगतात. हिशेब केला; रक्कम शंभराच्या आतच भरली. ती दिली, पण सुटलो असे वाटले नाही.

आता वेचणीच्या दिवसांत काट्याचे तोंड मी बायकांकडे करतो. कोणाची शाळेत जाणारी मुलगी सोबत असली तर तिला आकडा मोठ्याने वाचायला सांगतो. ती वाचते तोच आकडा वहीत जातो. मुलगी नसते त्या दिवशी मला विहिरीवरचा तो पाण्याचा घोट आठवावा लागतो.