पाहणे आणि भेटणे

पवित्र भूमीची यात्रा करून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "काय काय पाहिलेत?" "कोण कोण भेटले?" असे सहसा कोणी विचारीत नाही. २०१९ साली धर्मग्रामातील मंडळींबरोबर केलेल्या यात्रेतील एका दिवसाने हा दुसरा प्रश्न माझ्यापुढे ठेवला, आणि तो अजून मनातून गेलेला नाही.

सकाळी आम्ही जेरुसलेमहून बेथलेहेमला निघालो. अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर. वाटेत सुमारे आठ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत लागते. इस्रायलने तिचे बांधकाम २००२ साली सुरू केले. आमची बस तपासणी नाक्यावरून विनासायास पुढे गेली. ख्रिस्तजन्माच्या मंदिराचे दार इतके ठेंगणे आहे की मोठ्या माणसाला वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत, गुहेत, चौदा टोकांचा चांदीचा तारा आहे. तो १८४७ साली नाहीसा झाला आणि त्यावरून उठलेला वाद क्रिमियन युद्धाच्या अनेक कारणांपैकी एक ठरला. गव्हाणीच्या जागेवर हक्क कोणाचा, यावरून माणसे भांडली! मी गुडघे टेकले, ताऱ्याचे चुंबन घेतले, आणि मागच्या माणसाला जागा करून देण्यासाठी लगेच उठलो.

पुढे एका ख्रिस्ती कारागिराच्या दुकानात नेण्यात आले. ऑलिव्हच्या लाकडाची कोरीव कामे हा तेथील अनेक घरांचा पिढीजात व्यवसाय. मी एका गोठ्याची किंमत घासाघीस करून निम्म्यावर आणली आणि त्याच्या हातांचा फोटो काढला. तो काढू का, असे विचारले नाही. पैसे मोजताना तो सहज म्हणाला, "तुम्ही संध्याकाळी जेरुसलेमला परत जाल. पवित्र कबरीच्या मंदिरात जायला मला परवाना लागतो." सुमारे चार हजार किलोमीटरवरून आलेला मी जेथे मुक्त संचार करीत होतो, तेथे दहा किलोमीटरवरचा हा भाविक परवानगीवाचून जाऊ शकत नव्हता. मी काहीच बोललो नाही. बसचा भोंगा वाजला होता.

दुपारनंतर आम्ही लोद शहरी गेलो. हेच बायबलमधील लुद्द. पेत्राने पक्षाघाताने खिळलेल्या ऐनेयाला येथेच बरे केले. संत जॉर्जची कबरही येथेच दाखवतात. परंतु आमचे खरे निमित्त वेगळे होते. आमच्यातील एकाच्या जुन्या शेजारणीचे, एका बेने इस्रायल आजींचे, घर तेथे होते. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून 'शनवार तेली' म्हटला गेलेला हा मराठीभाषक समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. आजींनी दारातच म्हटले, "या, बसा. घरात एवढी मराठी कितीतरी वर्षांनी ऐकते आहे." मग प्रत्येकाजवळ येऊन त्यांनी आमची नावे विचारली, गावे विचारली. "अलिबागकडे थंडीत अजून पोपटी लावतात का हो?" असे विचारताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आणखीही सांगितले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने त्यांच्या समाजाच्या यहुदीपणावरच शंका घेतली, विवाहांत अडथळे आणले. लोकांनी निदर्शने केली, आणि १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. "आपल्याच घरात आपण कोण ते सिद्ध करावं लागलं," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये वाद पेटला. सकाळी कारागिराची बाजू घेणारे संध्याकाळी आजींची घेऊ लागले. मला मात्र एकच गोष्ट टोचत होती. आजींना आमची सर्वांची नावे ठाऊक होती. कारागिराचे नाव मला ठाऊक नव्हते. माझ्याकडे त्याच्या हातांचा फोटो तेवढा होता.

चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजक, लेवी आणि शोमरोनी असे तिघेही प्रवासीच आहेत. जखमी माणूस तिघांनाही दिसतो. दृश्य एकच, रस्ताही एकच. फरक पडतो तो पाहण्यानंतर. पाहणारा स्वतः जेथे असतो तेथेच राहतो. भेटणाऱ्याला वाटेवरून खाली उतरावे लागते.

यावर कोणी म्हणेल, दहा दिवसांच्या यात्रेकरूने काय करावे? भिंत पाडणे त्याच्या हाती नाही. हे खरे आहे. पण निवाडा देण्याची घाई न करता ऐकून घेणे त्याच्या हाती आहे. ऐकणे म्हणजे न्याय-अन्याय एकाच तागडीत टाकणे नव्हे. एकाचे दुःख मान्य करण्यासाठी दुसऱ्याचे खोटे ठरवण्याची गरज नसते, इतकेच. कष्टाचा मोबदला पुरा देणे त्याच्या हाती आहे. नाव विचारणे तर नक्कीच आहे.

आपल्या वसईतही नाताळात गव्हाणी पाहायला बाहेरून माणसे येतात. लाल लुगडे नेसलेल्या आपल्या आजीसमोर कोणी न विचारता कॅमेरा धरला की आपल्याला ते खटकते. ती आपल्यासाठी 'पाहण्याची वस्तू' नसते, म्हणून. बेथलेहेमच्या त्या कारागिराच्या नातवंडांनाही माझ्याविषयी असेच वाटले असेल.

२०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध सुरू झाले आणि यात्रेकरूंचा ओघ आटला. २०२३ व २०२४ सालच्या नाताळात बेथलेहेमच्या चौकातील नेहमीचा जाहीर सोहळा झाला नाही. त्या दोन्ही वर्षी आमच्या घरी मी तो लाकडी गोठा मांडला. कुटुंबाच्या प्रार्थनेत आजींचे नाव घेतले. कारागिरासाठी प्रार्थना करताना मात्र थांबावे लागले. देवाला त्याचे नाव ठाऊक आहे, अशी मी मनाची समजूत घालतो. पण ते मलाही ठाऊक असायला हवे होते.